काडीपैलवानांची साखर



मघाशी कंदी पेढे फिरले तेव्हा जाड मंडळींनी हात आखडला, काडीपैलवानांनी दोन-दोन उचलले. सांगलीची माझी मावशीही सडसडीत. तिला साखर निघाली तेव्हा कुणाचा विश्वास बसेना.

मी संगणकवाली, डॉक्टर नव्हे. पण पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचा आणि ब्रिटिश सहकारी युडकिन यांचा फोटो छापला. बीएमआय दोघांचा २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२!

आपल्याकडचा हा बारीक-पण-चरबीदारपणा सर्रास दिसतो. त्याचं टोकाचं रूप मोजक्या घराण्यांत असतं. एलएमएनए नावाच्या जनुकात एखादं अक्षर बदलतं (कोडमध्ये एका अक्षराने काय होतं, ते आम्हाला विचारा!) आणि हातापायांत चरबी साठतच नाही. कणगीच नसेल तर धान्य ठेवणार कुठे? मग चरबी रक्तात, यकृतात जाते. मधुमेह लवकर गाठतो, आणि बारीक माणसाची तपासणी कोण करतं?

म्हणून हातपाय काटकुळे, घरात साखर, असं असेल तर साखरेसोबत ट्रायग्लिसराइडही तपासून घ्या. डॉक्टरांना आई, मावशी, आत्या यांचंही सांगा.