होडीचा चातुर्मास



पावसाळ्याच्या दिवसांत संन्याशानें एके ठिकाणीं वस्ती करून राहावें, असा आपल्याकडील जुना दंडक आहे. कोंकणच्या किनाऱ्यावरील लहान होड्यांनाही तो लागू पडतो. ज्येष्ठाच्या सुमारास त्या वाळूवर ओढल्या जातात आणि नारळी पौर्णिमेस सागराची पूजा झाली म्हणजे पुन्हां पाण्यांत लोटल्या जातात. यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस मासेमारीची सरकारी बंदी असते. शिडाच्या होडीला कायद्याच्याही आधीं खवळलेला दर्याच अडवितो. मुंबईच्या बंदरांतील हौशी मंडळींच्या लहान शिडाच्या बोटीही या दिवसांत किनाऱ्यावरच विसांवलेल्या असतात. आज्ञापत्रांत रामचंद्रपंत अमात्यांनीं आरमाराविषयीं जें लिहिलें आहे, त्यांतही पावसाळ्यापूर्वीं आरमाराची छावणी निर्वेध बंदरांत करावी, असें बजावलेलें आहे.

होडी एकदां किनाऱ्यावर आली कीं ती निर्धोक झाली, असा आपला समज असतो. वस्तुस्थिति निराळी आहे. लांकूड कुजविणारी बुरशी खाऱ्या पाण्यांत सहसा वाढत नाहीं. तिला पावसाचें गोडें पाणी आणि कोंदलेली हवा मानवते. रत्नागिरी जिल्ह्यांत वर्षाकाठीं सरासरी ३००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. तो होडीच्या पोटांत सांचून राहिला, तर समुद्राला जें वर्षानुवर्षें साधलें नाहीं, तें एका आषाढांत साधतें.

याच्या उलट, किनाऱ्यावरील मुक्कामाचा एक मोठा लाभही आहे. समुद्रांत लांकूड पोखरणारा जो प्राणी असतो, त्याला आपण किडा म्हणतों. पण तो खरोखर शिंपल्याच्या जातीचा आहे. सन १५०३ मध्यें कोलंबसाला आपलीं जहाजें जमेकाच्या किनाऱ्यावर चढवावीं लागलीं, तीं याच्याच प्रतापानें चाळण झालीं होतीं म्हणून. होडी कांहीं आठवडे पाण्याबाहेर राहून तिचें लांकूड सुकलें म्हणजे हा प्राणी मरतो. तळाला चिकटलेल्या शिंपल्या मात्र होडी वर घेतल्याबरोबर, ओल्या असतांनाच खरवडून काढाव्या. सुकल्यावर त्या दगडासारख्या घट्ट बसतात.

आतां होडी ठेवावी कशी, तें पाहूं. तिचा सारा भार तळच्या कण्यावर पडला पाहिजे. कण्याखालीं तीन-चार ठिकाणीं लांकडाचे ओंडके द्यावे. दोन्ही बाजूंचे टेकू केवळ तोल सांभाळण्यासाठीं असतात, आणि तेही आंत जेथें फासळी असेल तेथेंच लावावे. नुसत्या फळीवर टेकू दिल्यास फळी आंत दबते. नाळेकडील बाजू थोडी उंच ठेवावी, म्हणजे पाणी मागें वाहात जाईल. तळाचें बूच काढून तें सुकाणूच्या दांड्याला बांधून ठेवावें. बूच न लावतां होडी पाण्यांत लोटण्याचा प्रसंग मग येणार नाहीं.

वर आच्छादन हवें, पण तें अंगाला चिकटलेलें नको. झावळ्यांचें उतरतें छप्पर उत्तम. प्लॅस्टिकचा कागद वापरावयाचा तर तो आडव्या वाशावरून तंबूसारखा ताणावा आणि दोन्ही टोकें वाऱ्यासाठीं मोकळीं सोडावीं. तळांतील सुट्या फळ्या उचलून ठेवाव्या. फायबरच्या बोटीलाही हेच नियम लावावे. तिच्यांत बसविलेलें लांकूड ओलाव्यानें कुजावयाचें राहात नाहीं.

शीड गोड्या पाण्यानें धुऊन, सावलींत पूर्ण वाळवून, मगच सैल गुंडाळावें. सुती शिडाला बुरशीचें भय, तर टेरिलीनच्या शिडाला उन्हाचें. डोलकाठी उतरून तीन आधारांवर सरळ निजवावी, नाहींतर तिला बाक येतो. दोर जमिनीवर न टाकतां खुंटीला टांगावे.

पावसानें उघडीप दिली कीं फळ्यांवर लांकडी हातोडीनें हलकेच ठोकून पाहावें. निरोगी लांकूड खणखणीत वाजतें, कुजलेलें बदबद वाजतें. शंका आल्यास तेथें आरी टोंचून पाहावी. आमच्या गांवीं एका होडीवाल्यांना नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशीं अशी आरी नाळेजवळच्या फळींत बोटभर आंत गेलेली आढळली. आच्छादन तेथेंच गळत होतें. दोन महिने कमाई नाहीं, हंगामाची पहिली मासळी समोर, आणि घरांतून धाकटा भाऊ म्हणत होता, "दादा, वरून डांबर लावूं नि जाऊं." दादांनीं ऐकलें नाहीं. सुतार बोलावून फळी बदलली. त्यांत आठ दिवस गेले आणि उसनवारीही करावी लागली. जुनी फळी मीं स्वतः हातांत घेऊन पाहिली. ती बिस्किटासारखी मोडली. भरल्या शिडाचा ताण आणि समोरची लाट, यांपुढें तिनें कितीसा टिकाव धरला असता?

शेवटीं होडी पाण्यांत नेतांना घाई करूं नये. सुकल्यामुळें फळ्यांचे सांधे उघडलेले असतात. मोठ्या फटींत कापूस ठासून वरून राळ व तेल भरावें. बारीक फटी मात्र लांकूड फुगल्यावर आपोआप मिटतात. म्हणून एक-दोन दिवस होडी उथळ पाण्यांत रिकामीच बांधून ठेवावी, आंत आलेलें पाणी उपसावें, आणि पाझर थांबल्यावरच तींत माणसें बसवावीं. दर्या कसा वागेल, तें आपल्या हातीं नाहीं. ही दोन दिवसांची तपासणी मात्र सर्वस्वीं आपल्या हातची आहे. होडी घेऊन जाणाऱ्यांची वाट पाहात घरीं जीं माणसें बसलेलीं असतात, त्यांच्यासाठीं ती चुकवूं नये.