कल्पना घेऊन कारखानदाराच्या दारी
(भिलाई येथील सिविक सेंटरमधील व्याख्यान)

या सिविक सेंटरच्या परिसरात संध्याकाळी जे लोक फिरावयास येतात, त्यांपैकी पुष्कळांचे आयुष्य यंत्रांच्या सहवासात गेलेले असते. 1955 च्या भारत-सोव्हिएत करारानंतर येथे पोलादाचा कारखाना उभा राहिला आणि 1959 च्या फेब्रुवारीत त्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्‌घाटन झाले. यंत्र बनविणारा दूर देशी आणि ते चालविणारा येथे, अशी तेव्हाची वाटणी होती. यंत्राची खोड प्रथम कळते ती चालविणाऱ्यालाच. आणि ती काढण्याची युक्तीही कित्येकदा त्यालाच सुचते. ही युक्ती घेऊन तो यंत्राच्या निर्मात्याकडे गेला, तर त्याच्या पदरी काय पडते?

पुष्कळ वेळा प्रथम पडते ते एक पत्र. बाहेरच्या माणसाने आपण होऊन पाठविलेली कल्पना गुप्त राखण्याची जबाबदारी कंपनीवर नाही, पेटंटाने जो हक्क मिळेल तेवढाच मानला जाईल, हे मान्य असल्यास सही करावी, असा त्याचा आशय असतो. येणाऱ्याला हा उर्मटपणा वाटतो. परंतु कंपनीचे भयही अगदीच खोटे नसते. तीच कल्पना तिच्या स्वतःच्या आरेखकांच्या फळ्यावर आधीपासून असू शकते, आणि मग उद्या चोरीचा आळ कोणावर येईल?

तथापि चोरीपेक्षा मोठे संकट निराळेच आहे, आणि ते समजून घेण्यास मुंबईच्या एका संशोधकाचे चरित्र उपयोगी पडेल. त्यांचे क्षेत्र पोलादाचे नव्हे, छपाईचे होते. शंकर आबाजी भिसे यांचा जन्म 29 एप्रिल 1867 रोजी मुंबईत झाला. यंत्रविद्येचे औपचारिक शिक्षण त्यांच्यापाशी नव्हते. जे होते ते वाचनाने आणि हातांनी मिळविलेले. किराणा माल आपोआप तोलून देणाऱ्या यंत्राच्या कल्पनेला एका ब्रिटिश नियतकालिकाच्या स्पर्धेत यश मिळाले, आणि दिनशा वाच्छा यांचे पत्र घेऊन एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते लंडनमध्ये दादाभाई नौरोजी यांच्याकडे गेले.

तेथे त्यांनी ‘भिसोटाइप’ हे छपाईचे खिळे ओतणारे यंत्र सिद्ध केले. त्या काळी खिळे ओतणे हा मोठ्या भांडवलाचा धंदा झाला होता. मेर्गेनथालर यांचे लायनोटाइप 1886 मध्ये ‘न्यू यॉर्क ट्रिब्यून’च्या छापखान्यात चालू झाले होते, ते अक्षरांची सबंध ओळ ओतीत असे. मोनोटाइप सुटी अक्षरे ओती. भिसे यांचे यंत्र सुटे खिळेच, पण अधिक वेगाने ओतण्यासाठी होते. वेग हा त्याचा गुण. परंतु तोच त्याचा अडसरही ठरला असावा. ज्या कंपनीने कारखाना, साचे, सुटे भाग आणि शिकविलेले कामगार यांत पैसा गुंतविला आहे, तिला अधिक चांगले यंत्र दाखविणे म्हणजे तिचा माल जुना झाल्याचे सांगणे होय. ही गोष्ट ऐकून घेण्याची उत्सुकता फारच थोड्यांना असते.

मग यंत्र स्वतः बाजारात आणावयाचे तर भांडवल हवे. दादाभाईंनी त्यांची गाठ ब्रिटिश समाजवादी नेते हाइंडमन यांच्याशी घालून दिली. समाजवादी पुढाऱ्याने भांडवल जमविण्यास निघावे, हा योग चमत्कारिक खरा! 1907 च्या अखेरीस तो प्रयत्न फसला. पुढील वर्षी भिसे निराश होऊन मायदेशी निघाले असता आगबोटीवर त्यांना गोपाळ कृष्ण गोखले भेटले. गोखल्यांच्या शब्दावरून सर रतन टाटा यांनी द्रव्यसाहाय्य दिले आणि ‘टाटा-भिसे’ या नावाची संस्था उभी राहिली. तरीही यंत्राला बाजारपेठ लाभली नाही. भिसे पुढे न्यू यॉर्कला गेले. तेथे त्यांनी खिळे ओतणारे नवे यंत्र काढले, पण त्यांना नाव मिळाले ते मुख्यतः ‘अ‍ॅटोमिडीन’ या आयोडीनच्या औषधामुळे. 7 एप्रिल 1935 रोजी तेथेच त्यांचे देहावसान झाले. भिसे यांच्यापाशी पेटंटे होती, चालते यंत्र होते, थोरांची शिफारस होती. नव्हता तो एवढाच: आपला माल बाजूस सारून त्यांचा माल घेण्यास तयार असलेला निर्माता.

त्याच न्यू यॉर्कमध्ये दुसरे एक भारतीय, मूळचे बिकानेरचे हरि गोविल, देवनागरी लिपी लायनोटाइपवर आणण्याच्या खटपटीत होते. जोडाक्षरे आणि मात्रा यांमुळे हे काम अत्यंत किचकट. परंतु 1930 नंतरच्या दशकात लायनोटाइप कंपनीने ते स्वीकारले. कारण उघड आहे. गोविल यांची योजना कंपनीचे यंत्र मोडीत काढीत नव्हती. उलट तेच यंत्र नव्या गिऱ्हाइकांपर्यंत नेत होती. भिसे यांची बुद्धी यामुळे कमी ठरत नाही, पण कारखानदाराच्या मेजाच्या पलीकडील बाजूने दोन्ही प्रस्ताव कसे दिसतात, हे यावरून कळते.

भिलाईतील ज्या कारागिराला एखाद्या झडपेत किंवा रुळांच्या गिरणीत सुधारणा सुचली असेल, त्याने दारी जाण्यापूर्वी हे पाहावे: आपली सुधारणा निर्मात्याच्या चालू यंत्राला जोडता येते, की ते यंत्रच बदलावयास लावते? दुसऱ्या प्रकारात नुसते चित्र पुरत नाही. नमुना चालवून दाखवावा लागतो, आणि तोही नकार ऐकण्याच्या तयारीने. नोकरीत असलेल्याने नेमणुकीचा करारही काळजीपूर्वक वाचावा, कारण शोध कोणाचा हा वाद तेथूनच सुरू होतो.

आणि बोलण्यापूर्वी अर्ज करावा. 1970 च्या पेटंट कायद्यानुसार नुसत्या कल्पनेला पेटंट मिळत नाही. ती प्रत्यक्षात कशी उतरते ते सांगावे लागते. शोध आधीच चारचौघांत उघड झाला, तर त्याचे नावीन्य गमावण्याचा धोका असतो. प्रथम तात्पुरते विवरण दाखल करून पूर्ण विवरण 12 महिन्यांच्या आत देण्याची सोय आहे. मिळालेल्या पेटंटाची मुदत अर्जाच्या तारखेपासून 20 वर्षे असते. छत्तीसगडमधील अर्जदारांसाठी नेमलेले पेटंट कार्यालय मुंबईचे आहे. भिसे ज्या शहरातून निघाले, त्याच शहरात.