सहकारी, गुरू आणि स्नेही
(संघाच्या वार्षिक संमेलनात भुईगाव येथे केलेले भाषण)



वर्षभरात निवर्तलेल्या ज्ञातिबांधवांचे या दिवशी स्मरण करावे, असा आपल्या संघाचा प्रघात आहे. यंदा त्या यादीत आमच्या एका जुन्या सहशिक्षकांचे नाव आहे. ते आपल्या ज्ञातीचे नव्हते. तरी या गावाची मुले त्यांनी आपली मानली, हे जाणून कार्यकारी मंडळाने त्यांचे स्मरण करावयाचे ठरविले, याबद्दल आम्ही मंडळाचे ऋणी आहोत. आम्ही त्यांना 'मास्तर' म्हणत असू. येथेही तेवढेच म्हणतो.

नोकरीस लागलो तेव्हा जुन्या अकरावीची मॅट्रिक एवढीच आमची पुंजी होती, आणि तिचाच मोठा ताठा होता. उशिरा येणाऱ्या मुलांस आम्ही दाराबाहेर उभे करीत असू. मास्तरांनी त्याबद्दल आम्हांस एका शब्दानेही दुखविले नाही. एके पहाटे मात्र ते आमच्या दारी आले व म्हणाले, "चला, जरा फिरून येऊ." रोज शिक्षा भोगणाऱ्या एका मुलाच्या वाडीत त्यांनी आम्हांस नेले. ते पोर कंदिलाच्या उजेडात सोनचाफ्याची फुले खुडीत होते. कारण टोपली वेळेवर दादरला पोहोचली नाही, तर त्या दिवसाचा भाव बुडतो. परत येताना मास्तर एवढेच बोलले, "तो उशिरा येत नाही. तुमच्या आधी दोन तास कामाला लागतो." त्या दिवशी सहकारी होते ते आमचे गुरू झाले. स्नेही व्हावयास पुढे काही वर्षे जावी लागली.

मुलास ओळखावयाचे तर त्याच्या अंगणात गेले पाहिजे, ही दृष्टी आपण ताराबाई मोडकांपासून घेतली, असे ते सांगत. आज आपण ज्या पालघर जिल्ह्यात आहोत, त्याच जिल्ह्यातील बोर्डी येथे ताराबाईंनी १९४५ साली काम आरंभिले. अनुताई वाघ तेथेच त्यांना येऊन मिळाल्या. दोघींच्या वयात अठरा वर्षांचे अंतर. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे, या विचारातून अंगणवाडी जन्मली. १९५७ साली कार्य कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी वस्तीत गेले, आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळाही निघाली.

३१ ऑगस्ट १९७३ रोजी ताराबाई गेल्या. अनुताईंनी कोसबाड सोडले नाही. १९९२ साली देह ठेवीपर्यंत, आणखी एकोणीस वर्षे, त्यांनी ते कार्य वाढविले. १९७५ साली केंद्र सरकारची बालविकास योजना सुरू झाली व अंगणवाडी हे नाव देशभर गेले. स्वतः ताराबाईंचे चरित्र तरी काय सांगते? भावनगरला ज्यांच्या खांद्यास खांदा लावून त्यांनी बालशिक्षणाचे काम केले, ते गिजुभाई बधेका १९३९ साली वारले. त्यानंतर सहा वर्षांनी बोर्डीचे केंद्र उभे राहिले.

काम केल्याने दुःख हलके होते, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. आजही काही अडले की आमची पावले नकळत मास्तरांच्या घराकडे वळतात, आणि बावखलापाशी आल्यावर आठवते की, आता तेथे कोणी नाही. ही रिकामी जागा भरणारी नव्हे. परंतु त्यांच्याकडे येणारी पोरे अजून आहेत. त्यांना कोणाकडे पाठवावयाचे?

मास्तरांच्या नावे पहिल्या येणाऱ्या विद्यार्थ्यास रौप्यपदक द्यावे, अशी सूचना आली आहे. सूचना करणाऱ्यांचा हेतू थोर आहे. पण मास्तरांचा जीव शेवटच्या बाकावर होता. म्हणून आमची नम्र विनंती आहे की, पदकाऐवजी संघाच्या सभागृहाचे दार रोज सायंकाळी दोन तास उघडावे, आणि मागे पडलेल्या कोणत्याही मुलास, त्याची ज्ञात न विचारता, तेथे बसवून शिकवावे. पहिला फळा आम्ही आणू, आणि शरीर साथ देईल तोवर शिकवूही. आमच्यासारखे आणखी दोघे-तिघे निवृत्त शिक्षक येथे बसलेले आम्हांस दिसत आहेत. त्यांनी आज सभा संपल्यावर घाईने घरी जाऊ नये.

एवढे बोलून, मास्तरांच्या स्मृतीस वंदन करून, आम्ही आपली रजा घेतो.