पोहणारा रणगाडा



पितळेचा गोळा पाण्यात बुडतो आणि तेवढ्याच पितळेचा तांब्या तरंगतो, हे शुक्रवार पेठेतील मुलांना मी वर्षानुवर्षे दाखवीत आलो. उभयचर रणगाड्याचे मर्म त्या तांब्यातच आहे. चौदा टनांच्या गाड्याने तरंगावयाचे, तर त्याने चौदा टन पाणी बाजूस सारले पाहिजे. म्हणून त्याची पेटी ऐसपैस आणि पोलाद पातळ. पोहण्याची किंमत आत बसणाऱ्या जवानांच्या संरक्षणातून द्यावी लागते.

दुसऱ्या महायुद्धात जड शेर्मन रणगाड्याभोवती कापडी पडदा उभारून ही किंमत चुकविण्याचा यत्न झाला. ६ जून १९४४ रोजी नॉर्मंडीच्या ओमाहा किनाऱ्यासमोर एका अमेरिकन बटालियनने असे २९ रणगाडे खवळलेल्या समुद्रात सोडले, २७ बुडाले.

रशियाने गाडाच होडीसारखा घडविला. त्या परंपरेतील पीटी-७६ आपल्या सैन्यात आला. त्यात तिघे जवान, ७६ मिलिमीटरची तोफ आणि पाण्यात ढकलणारे दोन जलझोत; बाजूचे पोलाद मात्र सुमारे दीड सेंटिमीटर!

आपल्या शेजारच्या नगरास चिलखती दलाची शाळा आहे. तेथील शिक्षणाची खरी परीक्षा अशाच गाड्यात होत असावी. २१ नोव्हेंबर १९७१ रोजी, युद्ध जाहीर होण्यापूर्वीच, पूर्व बंगालातील गरीबपूर येथे ४५ कॅव्हलरीचे पीटी-७६ व १४ पंजाब पलटण दाट धुक्यात पाकिस्तानी चॅफी रणगाड्यांची वाट पाहत होती. पातळ पोलादाने समोरासमोर टक्कर घ्यावयाची नसते. आडोसा धरून, शत्रू जवळ येऊ देऊन नेम साधावयाचा असतो. शत्रूचा रणगाडा-स्क्वाड्रन जवळजवळ नाहीसा झाला. पण बुरुजातून वर उभे राहून आज्ञा देणारे मेजर दलजितसिंग नारग मशिनगनीच्या गोळ्यांनी पडले. त्यांना मरणोत्तर महावीरचक्र मिळाले.

पुढे डिसेंबरात मेघना आडवी आली. पात्र इतके रुंद, की पोहतापोहता इंजिने तापली आणि काही रणगाडे गावकऱ्यांच्या होड्यांनी ओढून पैलतीरी नेले! यंत्राचे कौतुक करताना त्या नावाड्यांस विसरणे मला तरी योग्य वाटत नाही.

२०२० साली लडाखात चीनशी संघर्ष झाल्यावर हलक्या रणगाड्याची निकड पुन्हा भासली. २०२४ च्या जुलैत हजीरा येथे ‘जोरावर’ लोकांपुढे आला. वजन सुमारे २५ टन, तोफ १०५ मिलिमीटरची. आणि तोही पोहणारा आहे.