दिल्लीतल्या सभागृहात आपला माणूस करतो काय?

(बीड जिल्हा मेळाव्यात झालेल्या भाषणाचा मजकूर)



मघाशी चहा घेताना एका म्हाताऱ्या बाबांनी मला विचारलं, "पाच वर्षांनी आपण एक माणूस दिल्लीला धाडतो. तो तिथं नेमकं करतो काय?" मी म्हणालो, "बाबा, माइकवर सांगतो." कारण हा प्रश्न त्यांच्या एकट्याचा नाही.

आपण खासदाराकडे जातो ते कशाला? सभामंडप द्या, पोराची बदली करा, लग्नाला या. तोही येतो, अक्षता टाकतो, फोटो निघतो. ही कामं वाईट नाहीत, पण त्यासाठी दिल्लीला माणूस धाडायची गरज नव्हती. दिल्लीला तो दोन कामांसाठी जातो. कायदा करायला आणि सरकारला हिशेब विचारायला.

ही पद्धत निघाली कशातून? करातून. इंग्लंडच्या राजाला लढायांना पैसा लागायचा. १२१५ साली तिथल्या सरदारांनी राजाकडून लिहून घेतलं की आम्हाला विचारल्याशिवाय काही वसुल्या करायच्या नाहीत. ते काही गरिबांचे कैवारी नव्हते, स्वतःची थैली सांभाळत होते. पण ज्याच्या खिशातून पैसा जातो त्याला विचारलं पाहिजे, हे तत्त्व तिथं रुजलं. राजाला विचारणारी ती सभा पुढं राजापेक्षा मोठी झाली.

आपल्या बीडचं काय होतं? इंग्रजी मुलखात निदान सारा भरणाऱ्या, मालमत्ता असणाऱ्या थोड्या लोकांना मत होतं. आपण निजामाच्या राज्यात. इथं फर्मान निघायचं आणि तोच कायदा. लेव्हीचा गल्ला मोजून न्यायचे, आणि का नेता हे विचारायला सभागृह नव्हतं. ९ डिसेंबर १९४६ ला दिल्लीत घटना समिती बसली, तेव्हा हैदराबाद संस्थान बाहेर होतं. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामशाही संपली, तरी घटना समितीतल्या हैदराबादच्या जागा शेवटपर्यंत भरल्या गेल्या नाहीत. राज्यघटना आपल्याला लागू झाली, पण ती लिहिताना आपल्या मुलखाचा निवडलेला माणूस तिथं नव्हता. पुढच्या गोष्टी कळायला हे ध्यानात ठेवा.

घटना लागू झाली २६ जानेवारी १९५० ला. पहिली निवडणूक झाली १९५१-५२ च्या हिवाळ्यात. मधल्या काळात घटना समितीच हंगामी संसद म्हणून बसली. लोकांनी थेट मत देऊन निवडलेलं हे सभागृह नव्हे. त्या हंगामी संसदेनं जून १९५१ मध्ये पहिली घटनादुरुस्ती केली आणि नववं परिशिष्ट जन्माला घातलं. त्यात टाकलेल्या कायद्यानं मूलभूत हक्क मोडला तरी त्या कारणासाठी कोर्टानं तो रद्द करायचा नाही. सुरुवातीला १३ कायदे टाकले, सगळे जमिनीचे. जमीनदारी मोडायची होती, हेतू समजू शकतो. पण दार उघडलं ते उघडंच राहिलं. आज तिथं २८४ कायदे आहेत. आवश्यक वस्तूंचा कायदा त्यात कधी गेला? १९७६ साली, आणीबाणीत, विरोधी बाकांवरचे कितीतरी खासदार तुरुंगात असताना.

आता कापसाची गोष्ट. घटनेप्रमाणे शेती हा राज्यांचा विषय, बाजारही राज्यांचा. मग आपल्या कापसात आणि ज्वारीत दिल्ली शिरली कुठून? १९५४ च्या तिसऱ्या घटनादुरुस्तीनं. तिनं समवर्ती यादीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येतो त्या यादीत, अन्नधान्य, खाद्यतेलं आणि तेलबिया, जनावरांचा चारा, कच्चा कापूस, सरकी आणि ताग यांचा व्यापार घातला. बघा, तुमच्या रानात उभं असलेलं बहुतेक सगळं त्या एका ओळीत आलं. कडबासुद्धा! पाठोपाठ १९५५ चा आवश्यक वस्तू कायदा आला आणि त्या यादीतही कच्चा कापूस होता. तो बाहेर निघाला २००६ साली, संसदेनंच यादी छाटली तेव्हा. एक्कावन्न वर्षं लागली, पण ज्या सभागृहानं गाठ मारली त्यालाच ती सोडता येते.

बीडनं दिल्लीला माणसं साधी धाडली नाहीत. १९६७ साली आपण क्रांतिसिंह नाना पाटलांना निवडून दिलं. ते साताऱ्याकडचे. पत्री सरकार चालवलेला माणूस, जात नाही, पाहुणे नाहीत, कारखाना नाही, आणि बीडनं त्यांना लोकसभेत बसवलं. १९७७ ला गंगाधरअप्पा बुरांडे. दोघेही लाल बावट्याचे. त्यांची अर्थनीती मला पटत नाही, हे या व्यासपीठावरून लपवायचं कारण नाही. पण बीडचा मतदार माणूस पाहून मत देत होता, हे त्याहून खरं.

आज चांगला माणूस धाडला तरी त्याचे हात किती मोकळे? १९८५ साली पक्षांतरबंदीचा कायदा झाला. आयाराम-गयाराम थांबवायला केला. पण त्यातली मेख अशी, की पक्षानं व्हिप काढला आणि खासदारानं त्याविरुद्ध मत दिलं तर त्याची खासदारकी जाऊ शकते. कापसाच्या मुळावर येणारं विधेयक आलं, तरी तुमचा खासदार आधी पक्षाच्या प्रतोदाकडे बघणार, मग तुमच्याकडे. सरकार आमच्यापुढं जबाबदार, असं लोकसभेनं म्हणायचं, आणि लोकसभेतल्या माणसाची मान पक्षाच्या हातात.

२०२० चे तीन शेती कायदे आठवा. त्यांवर आपल्यातही दोन मतं होती. मी आज कायदा बरा की वाईट हे सांगत नाही, तो झाला कसा ते सांगतो. सप्टेंबरच्या त्या अधिवेशनात करोनामुळं तोंडी प्रश्नोत्तराचा तास रद्द होता. विधेयकं समितीकडे गेली नाहीत. २० सप्टेंबरला राज्यसभेत विरोधकांनी मतं मोजा म्हटलं, तर गोंधळात आवाजी मतदानानं दोन विधेयकं मंजूर. पुढं वर्षभर दिल्लीच्या वेशीवर शेतकरी बसले. २९ नोव्हेंबर २०२१ ला तेच कायदे मागं घेतले, तेही चर्चेविना, एका दिवसात दोन्ही सभागृहांत. येताना कुणी विचारलं नाही, जाताना कुणी सांगितलं नाही.

आणि जिथं विधेयकही लागत नाही, ते आणखी वाईट. फेब्रुवारी २०२१ च्या अर्थसंकल्पापासून परदेशी कापसावर सगळं मिळून ११ टक्के आयात शुल्क बसलं. ऑगस्ट २०२५ मध्ये ते माफ झालं. आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग ३१ डिसेंबरपर्यंत. म्हणजे आपली पहिली वेचणी बाजारात यायची नेमकी तीच वेळ. हे कशानं झालं? अर्थखात्याच्या एका अधिसूचनेनं. पहिली अधिसूचना निघाली तेव्हा संसदेचं अधिवेशन चालू होतं, तरी सभागृहाचं मत घ्यावं लागलं नाही. सीमाशुल्क कायद्यानं सरकारला ती मुभा दिली आहे. कागद नंतर सभागृहाच्या पटलावर ठेवला जातो, बस्स. कर बसवताना आणि उठवताना विचारायचं, म्हणून निघालेली ही सभा. आपल्या कापसाचा भाव हलवणारा निर्णय मात्र तिच्या दाराबाहेर होतो.

मग खासदाराकडे मागायचं काय? प्रश्न मागायचा. किमान पंधरा दिवस आधी लेखी सूचना देऊन कोणताही खासदार मंत्र्याला प्रश्न विचारू शकतो. तारांकित लागला तर मंत्र्याला उभं राहून उत्तर द्यावं लागतं आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकित लागला तर लेखी उत्तर येतं. प्रश्नाला व्हिप लागत नाही! तिथं पक्ष आडवा येत नाही, आला तर खासदाराचा आळस येतो.

त्या कोपऱ्यातल्या टेबलावर कार्यकर्त्यांनी दोन प्रश्न लिहून ठेवले आहेत. पहिला, आयात शुल्क माफीच्या काळात किती गाठी बाहेरून आल्या आणि त्या महिन्यांत सीसीआयनं बीड जिल्ह्यात कुठल्या केंद्रांवर किती क्विंटल कापूस हमीभावानं घेतला. दुसरा, ज्वारीचा हमीभाव जाहीर होतो, त्या भावानं आपल्या जिल्ह्यात प्रत्यक्ष किती खरेदी झाली. वाचा, चूक असेल तर दुरुस्त करा, मग सही करा. अंगठाही चालेल. पुढच्या अधिवेशनाआधी आपण हा कागद खासदारांच्या हातात देऊन पोच घेणार आहोत, आणि उत्तर आलं की नाही ते पुढच्या मेळाव्यात याच माइकवरून सांगू.

ते मघाचे बाबा कुठं आहेत? पहिली सही त्यांची घ्या.