शेरा आणि कोरा परवाना



जन्मभर मराठी शिकवलेल्या माणसाने स्मृतिव्याख्यानात मोटारीच्या कायद्यावर बोलावे, हे अनेकांना चमत्कारिक वाटेल. परंतु हा विषय मला याच गावाने दिला. कणकुंबी, चोर्ल्यावरून गोव्यात उतरणारा रस्ता जांबोटीतून जातो आणि इथली कितीतरी मुले त्या रस्त्यावर गाडी चालवून संसार करतात. त्यांपैकी एकाने मला विचारले, "सर, वेगाचा दंड भरला, पावती घेतली. आता प्रकरण मिटले ना?" मी 'हो' म्हणालो. पुढे कायदा वाचला, तेव्हा आपले उत्तर चुकल्याचे ध्यानात आले. ते दुरुस्त करण्यासाठी आज उभा आहे.

आपल्या परंपरेने दंड आणि प्रायश्चित्त यांत भेद केला आहे. दंड राजा वसूल करतो. प्रायश्चित्त ज्याचे त्याने आचरायचे असते. मोटार वाहन कायद्यातही हा भेद दिसतो. १९८८ च्या मूळ कायद्यात कलम १८३ प्रमाणे अतिवेगाला पहिल्या खेपेस ४०० रुपयांपर्यंत आणि पुढील खेपेस १००० रुपयांपर्यंत दंड होता. २०१९ च्या दुरुस्तीने केंद्रीय कायद्यात तो हलक्या वाहनास १००० ते २००० आणि मध्यम व अवजड वाहनास २००० ते ४००० रुपये झाला. आकड्यांची चर्चा पुष्कळ झाली. परंतु त्याच दुरुस्तीने कलम २०० मध्ये जे घातले, तिकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. जागेवर रक्कम भरून तडजोड केली, तरी तो गुन्हा 'पूर्वी घडलेला' म्हणून मोजला जातो. म्हणजे पैसे फिटले, गणती फिटली नाही.

ही गणती दुसऱ्या खेपेस आडवी येते. तेव्हा दंडाबरोबर परवानाही जप्त होतो आणि परवाना अधिकाऱ्याकडे जातो. तो अधिकारी कलम १९ प्रमाणे चालकाला काही काळ अपात्र ठरवू शकतो. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या रस्ता सुरक्षा समितीने २०१५ साली राज्यांना कळवले की, अतिवेगासाठी परवाना किमान ३ महिने निलंबित करावा. नोकरदाराला ही गैरसोय; टॅक्सीवाल्याच्या घरी मात्र ३ महिने चूल कशी पेटायची? म्हणून हेही सांगितले पाहिजे की, अशा आदेशापूर्वी आपले म्हणणे मांडण्याचा हक्क चालकाला आहे, आणि आदेशावर ३० दिवसांत अपील करता येते. नोटीस आली की ती फळीवर टाकू नका. वाचा आणि उत्तर द्या.

दुसरी नोंद न्यायालयाची. दोष सिद्ध झाल्यावर न्यायालय कायद्याने ठरवलेल्या गुन्ह्यांचा शेरा परवान्यावर मारते. परवाना हरवला, नवा काढला, तरी शेरा नव्यावर उतरतो. परंतु याच कायद्याचे कलम २५ मला फार मोलाचे वाटते. ३ वर्षे नवा शेरा पडला नाही, तर चालकाला कोरा परवाना मागता येतो. आणि शेरा केवळ वेगमर्यादेचा असेल, तर १ वर्षानंतरच. अपात्रतेचा काळ त्यात धरत नाहीत, एवढेच. १९८८ च्या मजकुरात यासाठी शुल्क लिहिले आहे अवघे ५ रुपये! कायदा लक्षात ठेवतो, तसा विसरायलाही तयार असतो. अट एकच, मधला काळ नीट वागून काढायचा. इंग्लंडातही वेगाच्या गुन्ह्याला ३ ते ६ गुण लागतात, ३ वर्षांत १२ झाले की परवाना जातो, आणि ४ वर्षांनी ते गुण नोंदीतून उतरतात.

आता नोंदीचे स्वरूप पालटले आहे. कॅमेरा गाडीचा क्रमांक वाचतो, म्हणून चलन प्रथम मालकाच्या नावे निघते. दुसऱ्याची गाडी चालवणाऱ्याने आणि आपली गाडी दुसऱ्याच्या हाती देणाऱ्याने हे ध्यानी धरावे. पूर्वी बेळगावच्या कचेरीतला शेरा कोल्हापूर-पणजीला कळणे कठीण होते. आज 'सारथी' या संगणकीय व्यवस्थेत परवान्यांची माहिती राज्याराज्यांतून पाहता येते. आपल्या भागात माणसाला सीमा पावलोपावली आडवी येते. नोंदीला ती आता आडवी येत नाही.

हे सारे कशासाठी? २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांतील शेकडा ७१ मृत्यू अतिवेगाच्या अपघातांतले होते. या माणसांना कोरे पान पुन्हा मिळणार नाही.

शाळा सोडल्याच्या दाखल्यावर 'वर्तणूक' असा एक रकाना असतो. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण जमलो, त्यांच्या पिढीने तो रकाना भरताना मुलाची एखादी चूक पाहिली नाही, चुकीनंतरचे वागणे पाहिले. कायद्याच्या कलम २५ मध्ये मला तीच दृष्टी दिसते. तेव्हा माझ्या त्या विद्यार्थ्याला दुरुस्त उत्तर देतो: बाळ, पावतीने प्रकरण मिटत नाही, ते तुझ्या पुढच्या वर्षभराच्या गाडी चालवण्याने मिटते. चोर्ल्याच्या वळणावर पाय आवर, आणि घरी सुखरूप ये.