घर पाहावे विकून



‘घर पाहावे बांधून, लग्न पाहावे करून’ ही म्हण पूर्वजांनी अनुभवातून घडविली. आज तिला आणखी एक जोड द्यावी लागेल : घर पाहावे विकून! कारण घर घेताना केलेली चूक अनेकदा ते विकतानाच ध्यानात येते.

स्थावर मालमत्तेचे उत्पन्न आयकराच्या दृष्टीने मुख्यतः दोन प्रकारचे. पहिले भाड्याचे. मिळालेल्या भाड्यातून मालकाने भरलेली घरपट्टी वजा होते. उरलेल्या रकमेवर डागडुजी आदींसाठी सरसकट 30 टक्के वजावट मिळते. प्रत्यक्ष खर्च कितीही असो. भाड्याने दिलेल्या घराच्या कर्जाचे व्याजही वजा करता येते.

दुसरे उत्पन्न विक्रीतील भांडवली नफ्याचे. घर 24 महिन्यांहून अधिक काळ बाळगून विकल्यास तो नफा दीर्घकालीन ठरतो. पूर्वी महागाई निर्देशांकानुसार खरेदीची किंमत वाढवून उरलेल्या नफ्यावर 20 टक्के कर लागे. 23 जुलै 2024 पासून निर्देशांक गेला आणि दर 12.5 टक्के झाला. मात्र त्या तारखेपूर्वी घेतलेल्या घरा-जमिनीसाठी भारतात निवासी असलेल्या व्यक्तीस व हिंदू अविभक्त कुटुंबास दोहोंपैकी जो कर कमी, तोच द्यावा लागतो.

येथेच सचोटीचा प्रश्न येतो. समजा, एका गृहस्थाने जून 2010 मध्ये 40 लाखांना घर घेतले. कागदावर 25 लाख दाखविले, 15 लाख रोख दिले. मुद्रांक शुल्क पाच टक्के धरल्यास 75 हजार वाचले. ऑगस्ट 2025 मध्ये ते घर एक कोटीला, सर्व रक्कम धनादेशाने घेऊन विकले. दरम्यान निर्देशांक 167 वरून 376 वर गेला. नोंद 40 लाखांची असती, तर खरेदी किंमत सुमारे 90 लाख धरली जाऊन कर दोन लाखांच्या आत राहिला असता. नोंद 25 लाखांची, म्हणून कर होतो सुमारे 8 लाख 74 हजार. अधिभार व उपकर वेगळेच. 75 हजारांच्या मोहाची किंमत पावणेसात लाख! लाभ झाला तो रोकड घेऊन करातून निसटलेल्या पहिल्या विक्रेत्याचा.

शिवाय 1 जून 2015 पासून अशा व्यवहारात 20 हजार वा अधिक रक्कम रोखीने स्वीकारणाऱ्यास तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो.

कर वाचविण्याचा सरळ मार्ग कायद्यानेच ठेवला आहे. राहण्याच्या घराच्या विक्रीतील दीर्घकालीन नफा विक्रीपूर्वी एक वर्ष वा नंतर दोन वर्षांच्या आत दुसऱ्या घरात गुंतविल्यास, अथवा तीन वर्षांत घर बांधल्यास, 10 कोटींच्या मर्यादेत करातून सूट मिळते.

वारशाने आलेल्या घरासाठी मूळ मालकाचीच खरेदी किंमत धरली जाते. म्हणजे वडिलांनी कागदावर उतरविलेला आकडा पुढे मुलांच्या हिशेबात येतो. मुलांसाठी घर ठेवून जाणे ही भारतीय कुटुंबाची रीतच आहे. त्या घराबरोबर खरा आकडा असलेले खरेदीखत आणि जपून ठेवलेल्या पावत्याही ठेवून गेलो, तरच तो वारसा पूर्ण झाला असे म्हणता येईल.